लेकीसाठी थेरपिस्ट निवडताना काय विचारू?

प्रश्न: मुलगी १६ वर्षांची, अकरावीला आहे. आधी गोड बंद केलं, मग भात, आता अर्ध्या पोळीचे नखाएवढे तुकडे करत तासभर ताटावर बसते, डबा तसाच परत येतो. पाळीपण बंद झालीय. सायकिअ‍ॅट्रिस्टनी अ‍ॅनोरेक्सिया सांगितलं, अ‍ॅडमिट नको, थेरपी सुरू करा म्हणाले. एका थेरपिस्टकडे गेलो तर त्या म्हणाल्या घरात जेवणाचा विषयच काढू नका, मन मोकळं झालं की खाईल आपोआप. मला काही पटेना. कोणाला निवडू?
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. या आजारात उपाशी राहिल्यामुळेच डोकं अजून जेवणाभोवती अडकतं, त्यामुळे मन मोकळं व्हायची वाट बघत बसलो तर वजन उतरतच राहतं. आधी खाणं, बाकीचं बोलणं त्याच्या सोबतीनं.

तिच्या वयासाठी फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट येते का, हे पहिलं विचारा. लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये १९८०च्या दशकात ही पद्धत सुरू झाली, त्यात सुरुवातीला काय आणि किती खायचं हे आईबाबा ठरवतात, मुलीला दोष द्यायचा नाही, तुम्हालाही नाही. साधारण दुसऱ्या सेशनला घरचा डबा घेऊन सगळ्यांनी थेरपिस्टसमोर जेवायचं असतं, ती "नको" म्हणाली की तुम्ही काय बोलता, अजून एक घास कसा देता, हे तिथं बघून शिकवतात. ज्यांना ही पद्धत माहितीये ते हे लगेच सांगतील, आणि नुसतं "मी सगळ्या प्रकारच्या केसेस बघते" एवढंच उत्तर आलं तर मी तरी पुढं जाणार नाही.

दुसरं, वजन कोण करणार आणि डॉक्टरांशी कोण बोलणार? दर आठवड्याला वजन, नाडी, बीपी, सांगतील तेव्हा पोटॅशियम आणि ईसीजी, हे बघणारा डॉक्टर हवाच, आणि थेरपिस्टनं त्यांना स्वतः फोन केला पाहिजे, तुम्ही निरोप्या होऊ नका. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं, जेवणानंतर उलट्या काढते असं लक्षात आलं तर पुढच्या सेशनची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती वेबसाइटवर बघता येते, नंबर मागायला लाजू नका. नाशिकमध्ये हे काम केलेलं कोणी नाही सापडलं तर पुण्यामुंबईचं ऑनलाइन चालेल, पण वजन आणि तपासण्या तुमच्याच गावात व्हायला हव्यात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास, तिथंही विचारून बघा.

आणि हो, उपासाबद्दल नक्की बोला थेरपिस्टशी. नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार आले की घरात तिला खायचं टाळायला आयतं कारण मिळतं आणि आजीला वाटतं पोरगी किती श्रद्धाळू. थेरपिस्टनं आजीला समोर बसवून नीट समजावलं पाहिजे, ते तुमच्या एकटीवर टाकू नये.

लेकीला थेरपिस्ट आवडतोय का यावरच सगळं ठरवू नका, सुरुवातीला ती चिडणारच, कारण जेवायला लावणारं माणूस तिला नकोच असतं. तुम्ही वजनाकडे बघा. पहिल्या चार आठवड्यांत साधारण दोन किलो वाढलं तर पुढं पूर्ण बरं व्हायची शक्यता बरीच जास्त असते, असं अभ्यासात दिसलंय. नाही वाढलं तर "आता काय बदलायचं?" असं स्पष्ट विचारा, आणि उत्तर नुसतं "धीर धरा" आलं तर दुसऱ्या थेरपिस्टला फोन करा.