वाचकांचे प्रश्न : सीनेचे पाणी आणि बंगालचा उपसागर

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावर आमचा टर्किश टॉवेलचा यंत्रमाग कारखाना आहे. आमचा माल सुती असल्यामुळे तो निसर्गाला बाधत नाही, असे आम्ही ग्राहकांना सांगत आलो आहोत. अलीकडे एका खरेदीदाराने विचारले, की कपड्यांतून सुटणारे तंतू समुद्रात साठत आहेत, तर तुमच्या टॉवेलचे काय? समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या सोलापूरला हा प्रश्न लागू होतो का?
– एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : लागू होतो, मात्र दोन निराळ्या वाटांनी. एक वाट आपल्या ग्राहकाच्या घरातून जाते. टॉवेल धुतला, की त्याच्या फासांतून तूस सुटते, पहिल्या काही धुण्यांत ते सर्वाधिक असते आणि त्या गावच्या सांडपाण्याबरोबर पुढे जाते. दुसरी वाट सोलापुरातूनच निघते. आपल्याला अरबी समुद्र जवळचा असला, तरी आपले पाणी तिकडे जात नाही. शहराचे ओढेनाले सीनेला मिळतात, सीना हत्तरसंग कुडल येथे भीमेला मिळते, भीमा कर्नाटकातून वाहत जाऊन रायचूरच्या उत्तरेला कृष्णेत विलीन होते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते.

समुद्राच्या पाण्यात सापडणाऱ्या तंतूंविषयीची समजूत गेल्या काही वर्षांत बरीच बदलली आहे, आणि तो बदल आपल्या व्यवसायाशी थेट संबंधित आहे. आरंभीच्या अनेक पाहण्यांत पाणी गाळून, गाळणीवरचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जात आणि रंगीत तंतू दिसला, की तो प्लास्टिकचा असावा असे गृहीत धरले जाई. पुढे प्रत्येक तंतूवर अवरक्त किरण टाकून, त्यांतले कोणते शोषले जातात यावरून पदार्थ ओळखण्याची पद्धत रूढ झाली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सहा महासागरी खोऱ्यांतून घेतलेले 916 नमुने या दृष्टीने तपासण्यात आले. त्यांत कृत्रिम तंतूंचे प्रमाण केवळ 8.2 टक्के निघाले. 79.5 टक्के तंतू सेल्युलोजचे, म्हणजे कापूस, ताग किंवा लाकडाच्या लगद्यापासून बनणारा व्हिस्कोस अशा जातीचे होते आणि उरलेले 12.3 टक्के लोकरीसारखे प्राणिज होते. जगात आज तयार होणाऱ्या तंतूंपैकी निम्म्याहून बरेच अधिक कृत्रिम असताना समुद्रात हे प्रमाण उलटे का दिसावे, हा विचार करायला लावणारा प्रश्न आहे. सुती कापडातून तूस अधिक सुटते, हे एक कारण दिले जाते. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. शेतातल्या मातीत कापूस लवकर कुजतो, परंतु रंगवलेला, सुरकुती पडू नये म्हणून राळेचे संस्कार केलेला धागा थंड खाऱ्या पाण्यात आपण समजतो त्यापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकू शकतो.

म्हणून खरेदीदाराला प्रामाणिक उत्तर द्यायचे, तर ते असे देता येईल : सुती तूस प्लास्टिक नाही आणि शेवटी ते कुजते, हा त्याचा खरा गुण आहे, परंतु ते समुद्रापर्यंत पोहोचतच नाही किंवा लगेच नाहीसे होते, असे मात्र म्हणता येणार नाही. कारखान्यातील धुलाई आणि रंगकामाच्या पाण्यातील तूस जाळीवर अडवणे तुलनेने सोपे आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्र नीट चालत असेल, तर बहुतांश तंतू त्याच्या गाळात उतरतात. तोच गाळ पुढे उघड्यावर टाकला, तर मात्र पहिल्या पावसात ते पुन्हा ओढ्याला लागतात. शिवाय कृष्णेवर जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर असे जलाशय आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आहे. जड झालेले, बुडालेले तंतू तिथल्या गाळात अडकण्याचा संभव मोठा आहे. रंगकामातून न चढलेला रंग आणि मीठ यांचा पहिला आघात समुद्राच्या कितीतरी आधी सीनेवर होतो, हे सोलापूरकर या नात्याने सांगितलेच पाहिजे.

प्रश्न : आम्ही उसाला युरिया देतो. खतांमुळे समुद्रात ‘मृत पट्टे’ तयार होतात आणि मासे मरतात, असे एका कार्यक्रमात ऐकले. उजनीच्या लाभक्षेत्रातला शेतकरी त्याला जबाबदार आहे का?
– एक शेतकरी, मोहोळ तालुका

उत्तर : मृत पट्टा कसा तयार होतो, ते आधी पाहू. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्क्यांप्रमाणे सुमारे 20.7 किलो नत्र असते. पिके सामान्यतः त्यातील निम्म्याच्या आसपास घेतात. उरलेल्यातले काही हवेत जाते आणि काही नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर उतरते. असे नत्र नदीमुखाशी पोहोचले, की सूक्ष्म शेवाळ भरमसाट वाढते, मरते, तळाशी जाते आणि ते कुजवताना जिवाणू तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन संपवून टाकतात. वरचे हलके पाणी झाकण घातल्यासारखे बसल्यामुळे हवेतला ऑक्सिजन खाली पोहोचत नाही. मासे निघून जातात. शिंपले, किडे आणि तळाशी चिकटून राहणारे जीव मात्र गुदमरतात. मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपी नदीच्या मुखाशी 1985 पासून शास्त्रज्ञ जवळजवळ दर उन्हाळ्यात हा पट्टा मोजत आहेत. 2017 मध्ये तो सुमारे 22,700 चौरस किलोमीटरचा होता, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या दीडपट.

कृष्णेची स्थिती मात्र मिसिसिपीसारखी नाही. या खोऱ्यातले पाणी सिंचनासाठी इतके अडवले आणि उचलले जाते, की काही कोरड्या वर्षांत नदीचे पाणी समुद्रापर्यंत जवळजवळ पोहोचलेच नाही. वाटेतल्या जलाशयांच्या गाळात जिवाणू नायट्रेटचे रूपांतर पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजन वायूत करतात, त्यामुळे मोहोळच्या शेतातून निघालेले सगळे नत्र उपसागरात जाते असे समजणे चुकीचे ठरेल. त्याचा परिणाम आधी जवळच्या पाण्यावर होतो. उजनीचे पाणी हिरवे का होते, याच्या उत्तरात पुण्याकडून येणारे सांडपाणी आणि शेतातले खत ही दोन्ही कारणे आहेत.

पण समुद्रावर मानवी परिणाम केवळ काही नेऊन टाकण्याने होत नाही, तर काही न पोहोचू दिल्यानेही होतो, आणि या बाजूची चर्चा आपल्याकडे फार कमी होते. धरणांमागे माती थांबते, त्यामुळे कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशाला नवा गाळ अपुरा पडतो आणि तिथली किनारपट्टी व खारफुटी लाटांपुढे उघडी पडते. खडकांची झीज होऊन येणारी सिलिकाही जलाशयांत अडते. डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती आपले कवच सिलिकाचे बनवतात आणि समुद्रातल्या अनेक माशांची अन्नसाखळी त्यांच्यापासून सुरू होते. नत्र येत राहिले आणि सिलिका घटली, तर डायटमची जागा इतर, कधी कधी विषारी, शेवाळे घेऊ शकतात.

बंगालच्या उपसागराबाबत सावध राहण्याचे आणखी एक कारण आहे. त्याच्या मधल्या थरांत ऑक्सिजन मुळातच अत्यल्प आहे. अरबी समुद्राच्या तशाच थरात तो इतका संपतो, की तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरू लागतात. उपसागरात मात्र ऑक्सिजनचा लवलेश शिल्लक असल्यामुळे ही प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर सुरू झालेली नाही, असे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. तो लवलेश संपला, तर तिथले रसायनच पालटेल. तापणारे पाणी ऑक्सिजन कमी धरून ठेवते आणि 1960 पासून जगातील महासागरांनी आपला दोन टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन गमावला आहे. अशा काठावरच्या समुद्रात नत्राची थोडी भरही दुर्लक्षिण्याजोगी नसते. तेव्हा आपण एकटे जबाबदार नाही, परंतु माती परीक्षण करून, ठिबकमधून हप्त्याहप्त्याने खत दिले, तर पैसाही वाचतो आणि नदीत जाणारे नत्रही घटते.

प्रश्न : मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. समुद्र संशोधनात जायचे असेल, तर सोलापुरात राहून काही करता येईल का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : निश्चित करता येईल. गोव्यात दोना पावला येथे 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था मच्छीमारांना मासे कुठे मिळण्याचा संभव आहे ते कळवते आणि त्सुनामीचे इशारेही देते. ‘आर्गो’ या आंतरराष्ट्रीय योजनेत भारतही सहभागी असून तिचे सुमारे 4,000 तरंगते यांत्रिक नळे जगभरच्या समुद्रांत आहेत. प्रत्येक नळा 1,000 मीटर खोलीवर वाहत राहतो, साधारण दहा दिवसांनी 2,000 मीटरपर्यंत उतरतो आणि वर येताना तापमान व क्षारता मोजून उपग्रहाला कळवतो. काही नळे ऑक्सिजन आणि नायट्रेटही मोजतात. ही सगळी माहिती कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते, त्यामुळे मागच्या उत्तरातील उपसागराचा कमी ऑक्सिजनचा थर आपण महाविद्यालयाच्या संगणकावर स्वतः आलेख काढून पाहू शकाल.

आणि आपल्या विषयाचे मोल कमी समजू नका. संशोधन जहाजावर, खोल पाण्यातून आणलेल्या नमुन्यातला ऑक्सिजन आजही 1888 मध्ये रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांनी सांगितलेल्या अनुमापनाने (टायट्रेशनने) मोजतात आणि महागडी इलेक्ट्रॉनिक उपकरणे त्यावरूनच पडताळून घेतात. तीच पद्धत सीनेवर वापरून पाहा : एकाच ठिकाणी, पहाटे आणि दुपारी, वर्षभर. बाटली भरताना आत बुडबुडा राहू देऊ नये, आणि मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड ही द्रावणे नदीकाठीच घालावीत, कारण प्रयोगशाळेत येईपर्यंत थांबलात, तर बाटलीतले जीव ऑक्सिजन वापरत राहतील आणि आकडा खोटा येईल.