विद्यापीठाच्या सांस्कृतिक संग्रहालयात स्वयंसेवक व्हायचंय. इतिहासाची पदवी लागते का? जुन्या वस्तू हाताळायला मिळतात का?

पदवी लागत नाही. आणि वस्तू हाताळायला जवळजवळ मिळत नाहीत. हे आधीच सांगतो, कारण वस्तू हाताळायच्या आशेवर आलेले बरेच जण तिसऱ्या आठवड्यात गायब होतात.

मी व्यवसायाने हिशेबनीस. सहा वर्षांपासून एका विद्यापीठाच्या संग्रहालयात शनिवारी जातो. संग्रहातल्या वस्तूला हात लावायची वेळ या काळात चार-पाचदा आली असेल. खुर्च्या मात्र शेकड्यांनी उचलल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी आमचं काम दारापासून सुरू होतं. आलेल्यांची मोजणी, पाठीवरची सॅक पुढे घ्यायला सांगणं, पाण्याची बाटली बाहेर ठेवून घेणं. पाहुण्यांसाठी कुणी पुष्पगुच्छ आणला की तोही बाहेरच. यावरून माणसं दुखावतात, म्हणून कारण पाठ करून ठेवा. एका जातीच्या भुंगेऱ्याचे पूर्ण वाढलेले किडे फुलांच्या परागावर जगतात आणि त्यांच्या अळ्या लोकर, पिसं, चामडं फस्त करतात. म्हणजे गुच्छातून आलेला एक किडा दोनशे वर्षांच्या शालीपर्यंत पोचू शकतो. हे ऐकलं की लोक स्वतःहून फुलं बाहेर ठेवतात. तसंच 'एवढा अंधार का?' हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो. जुन्या कापडावर साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) वर प्रकाश ठेवत नाहीत. उडालेला रंग परत येत नाही आणि प्रकाशाने झालेलं नुकसान साठत जातं.

मुलांसाठी वेगळ्या, हात लावला तरी चालेल अशा वस्तूंचं टेबल असतं. तिथे बसलात तर थोडं हाताळणं शिकाल. वस्तू कानाला किंवा दांड्याला धरून उचलायची नाही, खालून दोन्ही हातांचा आधार द्यायचा. नोंद पेनने नाही, पेन्सिलीने. आणि सिनेमात दिसणारे ते पांढरे सुती हातमोजे विसरा. कागदासाठी धुऊन कोरडे केलेले हात बरे आणि धातूसाठी नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, हातमोजे.

पण मी इतकी वर्षं टिकलो ते या कशामुळे नाही. एका शनिवारी विणकामाच्या दालनात उभा होतो. कपाटात लाकडाची एक लांब, चपटी, एका कडेला निमुळती फळी होती. पाटीवर लिहिलं होतं 'लाकडी हत्यार'. एक वयस्कर बाई बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "हे मारायचं नाही हो, ठोकायचं आहे. बाण्याचा आडवा धागा ताण्याच्या उभ्या धाग्यांत घट्ट बसवायला. आणि तुम्ही उलटं ठेवलंय." आयुष्यभर माग चालवलेली बाई. मी त्यांचं म्हणणं पेन्सिलीने उतरवून घेतलं, संपर्क ठेवायला चालेल का विचारलं आणि कागद संग्रहपालांकडे दिला. पाटी बदलायला सात महिने लागले, पण बदलली. इतिहासाची पदवी असती तरी त्या दिवशी काही कामाची नव्हती. ऐकून घेणं आणि नीट उतरवणं, एवढंच पुरलं. 'मला माहीत नाही, पण विचारून सांगतो' हे वाक्य न लाजता म्हणता येत असेल, तर तुमची निम्मी तयारी झाली आहे.

विद्यापीठाच्या संग्रहालयाची एक वेगळी गंमत आहे. तिथल्या वस्तू मुळात शिकवण्यासाठी जमवलेल्या असतात. ऑक्सफर्ड विद्यापीठाचं अ‍ॅशमोलियन संग्रहालय 1683 मध्ये उघडलं, तेव्हा त्याच इमारतीत व्याख्यानंही व्हायची आणि तळघरात रसायनशाळाही होती. त्यामुळे मदतीचे हात बहुतेक विद्यार्थ्यांचे असतात आणि परीक्षा आली की ते नाहीसे होतात. सुट्टीत तर कुटुंबं, मुलं सगळी आमच्याकडे येतात आणि कॅम्पस रिकामा. तेव्हा नोकरी किंवा संसार सांभाळून ठरलेल्या दिवशी येणारा बाहेरचा माणूस सोन्यासारखा.

एक कटकट सांगूनच टाकतो. एखाद्या समाजाच्या वस्तूंवर कार्यक्रम ठरतो, पत्रिका छापून होतात आणि मग त्या समाजातल्या लोकांना 'नाच सादर कराल का?' म्हणून फोन जातो. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने 2022 मध्ये प्रागला संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली, तिच्यात समाजांचा सहभाग स्पष्ट लिहिलाय. प्रत्यक्षात तो सहभाग पहिल्या बैठकीत हवा, मंचावर नव्हे. कुठली वस्तू मांडायची, कशाचा फोटो काढू द्यायचा नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं. नियोजनाच्या बैठकीला बसायला मिळालं, तर 'त्यांना विचारलं का?' एवढं तरी विचारा. मी विचारतो, काही जण कंटाळलेत मला.

अर्ज करायची चांगली वेळ म्हणजे 18 मेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनाच्या, दोन-तीन महिने आधी. तेव्हा माणसं हवीच असतात आणि प्रशिक्षणाला वेळही मिळतो. समन्वयकाला भेटाल तेव्हा प्रशिक्षण कोण देतं आणि येणाऱ्यांनी सांगितलेली माहिती कुठे नोंदवतात, हे दोन्ही विचारा. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर एक कोरी वही सोबत घेऊन जा. आणि बूट आरामाचे घाला, दालनात बसायला खुर्ची नसते.