कावळ्यानं डोक्यात टोच मारली, आता काय करू?

या खेपेच्या पत्रांत कावळाच जास्त आहे. आषाढ तोंडावर आला की दरवर्षी असंच होतं. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण ते वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही.

बाई, 18 जूनला सकाळी मुलीला शाळेच्या रिक्षात बसवून परत येत होते. कावळा मागून आला आणि डोक्यात टोच मारून गेला. थोडं रक्त आलं. सासूबाई फार घाबरल्या. कावळा डोक्याला शिवला म्हणजे मरणाचा अपशकुन, असं त्या म्हणतात. तो टाळायचा तर मी गेल्याची खोटी बातमी माहेरी कळवायची. तिथे रडारड झाली की गंडांतर टळतं. माझी आई 71 वर्षांची आहे, दोन वर्षांपूर्वी तिची अँजिओप्लास्टी झाली. नवरा म्हणतो, "एका फोननं काय होतंय? तासाभरात खरं सांगून टाकू." मी काय करू? — एक वाचक, तासगाव

ताई, पत्रात तुमचा नंबर होता, म्हणून अंकाची वाट न बघता मी त्याच संध्याकाळी तुमच्याशी बोलले. तो फोन केला गेला नाही, हे ऐकून जीव भांड्यात पडला. इथे लिहिते ते बाकीच्यांसाठी. अशी पत्रं मला याआधीही आली आहेत, आणि त्यातली काही फोन होऊन गेल्यावर आली.

1973 साली मी नऊ वर्षांची होते. वाईजवळच्या आमच्या गावी आजी ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती आणि मी शेजारी खडे वेचत होते. पोस्टमन सायकलवरून आला. तार इंग्रजीत होती, ती त्यानंच वाचून दाखवली. बार्शीला दिलेली माझी आत्या गेली, असा मजकूर होता. आजीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ती ओरडली नाही. निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ तिनं एकत्र केले आणि परत निवडायला घेतले. माझे वडील आणि काका मिळेल त्या एसटीनं निघाले. दुसऱ्या दिवशी बार्शीच्या दारात पोचले तर समोर आत्याच पाण्याचा तांब्या घेऊन उभी. कावळा तिच्या डोक्याला शिवला होता आणि सासरच्यांनी तिच्या भल्यासाठीच तार केली होती. खरी बातमी सांगणारी दुसरी तार आमच्याकडे आली तोवर आजीनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

आत्या नंतर पुष्कळ जगली. आजीही जगली. पण खाकी कपड्यातला माणूस गल्लीत दिसला की आजी हातातलं काम टाकून देवघरात जाऊन बसायची, पाठ भिंतीला लावून. माझ्या बारावीच्या निकालाचं पोस्टकार्ड आलं तेव्हासुद्धा. तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत हे चाललं. म्हणून तुमच्या यजमानांना माझं सांगणं आहे की खरं तासाभरात सांगता येतं, पण तो तास त्या आईकडून परत घेता येत नाही. त्यातून हृदयाच्या रुग्णाला अशी बातमी देणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

आता कावळ्याचं. तुमच्याकडे आला तो मानेला राखाडी रंग असलेला गावकावळा. त्याची वीण आपल्याकडे साधारण एप्रिल ते जुलै. अंडी 16-17 दिवसांत फुटतात आणि पिल्लं तीन-चार आठवड्यांत घरट्याबाहेर पडतात. बाहेर पडतात खरी, पण उडता धड येत नाही. खालच्या फांदीवर, कंपाउंडच्या भिंतीवर, कधी स्कूटरच्या सीटवर बसून राहतात. जवळून बघितलंत तर चोच उघडल्यावर आतून गुलाबी दिसते. मोठ्या कावळ्याचं तोंड आतून काळं असतं. अशा पिल्लाच्या आसपासून माणूस गेला की आईबाप त्याच्यावर झेपावतात, आणि जवळजवळ नेहमी पाठीमागून. शाळा जूनमध्ये उघडतात आणि पिल्लंही जूनमध्येच बाहेर येतात. रिक्षा जिथे थांबते तिथल्या झाडावर घरटं आहे का बघा, असं मी तुम्हाला फोनवर म्हटलं होतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी कळवलंत : आहे, आणि त्यात हिरवी वायर गुंफली आहे.

दोन-तीन आठवडे तिथून छत्री उघडून जा. जखम साबण लावून भरपूर पाण्यानं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन टाका. पक्ष्याच्या टोचीनं रेबीज होत नाही, तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे. घरटं मात्र पाडू नका.

आमच्या शाळेत एकदा ते पाडलं होतं. विजेच्या तारांना फांदी लागते म्हणून शिपाईमामांना सांगण्यात आलं आणि त्यांनी गुलमोहरावरचं घरटं काठीनं खाली काढलं. मग त्या मोसमात कावळ्यांची ती जोडी फक्त मामांच्या मागे लागली. दोनशे पोरं मैदानात असली तरी त्यांच्यातून नेमकं मामांना हेरायची. लोक म्हणायला लागले, कावळा शनीचं वाहन, मामांना साडेसाती लागली. मामा दर शनिवारी तेल वाहायला जायला लागले, रात्री दचकून उठायला लागले. मलाही तेव्हा त्यांना नीट समजावता आलं नाही, याची खंत आहे. पुढे वाचनात आलं की अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी 2006 साली एक मुखवटा घालून सात कावळे पकडले, खुणेची कडी घालून सोडून दिले, आणि त्यानंतर कित्येक वर्षं तो मुखवटा घालून कुणीही फिरलं की तिथले कावळे त्याच्यावर ओरडत राहिले. ज्यांना पकडलं नव्हतं तेसुद्धा त्यात सामील झाले. तो कावळा वेगळ्या जातीचा आहे, पण मला लगेच मामा आठवले. कावळ्यांनी त्यांचा चेहरा लक्षात ठेवला होता, एवढंच झालं होतं.

सासूबाईंवर रागावू नका. तुम्हाला काही होऊ नये म्हणूनच त्या घाबरल्या आहेत. त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोला. कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही, हे जुन्याच माणसांनी म्हणून ठेवलंय. काही केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसेल तर देवापुढे दिवा लावा, आपल्या भिंतीवर कावळ्याला दहीभाताचा घास ठेवा. त्यात कुणाचं काही जात नाही.

आमच्या खिडकीत रोज कावळा ओरडतो आणि आई म्हणते पाहुणे येणार. माझा दहा वर्षांचा मुलगा विचारतो, हे खरं का? — ठाणे

मुलाला एक वही द्या. महिनाभर दोन रकाने भरायचे : आज कावळा ओरडला का, आज पाहुणे आले का. कावळा ओरडला आणि कुणी आलं नाही, तेही न विसरता लिहायचं. एरवी आपण नेमके तेच दिवस विसरतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते तशातली ही गोष्ट आहे, हे त्याचं त्याला कळेल.

आजीला मात्र खोटं पाडायला लावू नका. ज्ञानेश्वरांच्या विराणीत पैलतीरी ओरडणारा कावळा पंढरीरायाच्या येण्याचा शकुन सांगतो आणि ती विरहिणी त्याला पाय सोन्यानं मढवण्याचं कबूल करते. फोन नव्हते, पत्र महिन्यातून एखादं यायचं, त्या काळात माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बाईला कावळ्याची कावकाव हाच निरोप वाटायचा. त्या खिडकीत आजी कुणाची वाट बघते, हे मुलानं तिला एकदा विचारावं.

वडिलांच्या दहाव्याला कावळा दीड तास शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. घाटावरच नातेवाईक बोलले, "इच्छा राहिली, मुलानं बघितलं नाही." मी त्यांना पाच वर्षं अंथरुणावर सांभाळलं. चार महिने झाले, पण ते वाक्य मनातून जात नाही. — पुणे

भाऊ, त्या नातेवाइकांचं बोलणं फार वाईट होतं. पाच वर्षं अंघोळ, औषधं, रात्रीची जागरणं तुम्ही केलीत. त्यावर शेरा मारण्याचा अधिकार घाटावर तासभर उभं राहिलेल्यांना नाही.

माझ्या वडिलांचा दहावा 1998 मध्ये वाईला कृष्णेच्या घाटावर केला. भाताचे पिंड पत्रावळीवर मांडलेले, आणि आम्ही पंधरा-वीस माणसं भोवती कोंडाळं करून उभी. कावळे समोरच्या भिंतीवर होते. येत नव्हते. भाऊ पुढे होऊन म्हणाला, धाकटीचं लग्न मी करीन. काही नाही. काका म्हणाले, विहिरीचा वाद मिटवतो. काही नाही. मग इतका वेळ गप्प असलेली आई पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "दुकानदाराची उधारी माझ्या लक्षात आहे. तुम्ही जावा आता." त्याच सुमाराला गुरुजी म्हणाले, सगळे वीस पावलं मागे सरा. आम्ही मागे सरलो. थोड्या वेळानं एक कावळा उतरला, मान तिरकी करून इकडेतिकडे बघितलं, पाय न टेकल्यासारखा उड्या मारत आला आणि भाताचं एक शीत उचलून गेला. मग बाकीचे आले.

आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं की वडील तिच्या शब्दासाठी थांबले होते. मला वाटतं आम्ही मागे सरलो म्हणून कावळा आला. याबद्दल मी तिच्याशी कधी वाद घातला नाही. ती उधारी तिनं पुढच्याच महिन्यात फेडली.

आमच्या त्या दिवशी वाईच्या घाटावर आणखी चार दहावे होते, म्हणजे कावळ्यांना सकाळपासून भात मिळतच होता. पोट भरलेलं, समोर माणसांची गर्दी, आणि जात मुळातच संशयी. नवीन मांडलेल्या कोणत्याही वस्तूजवळ तो बेतानंच येतो. घाटाजवळची मोठी झाडं तोडली असतील तर बसायला जागाही नसते. पितृपक्षात तर घरोघरी पानं ठेवलेली असतात, तेव्हा त्यानं कुठे कुठे शिवावं? यात तुमच्या वडिलांच्या मनाचा काही संबंध नाही.

आणि श्रद्धेच्या बाजूनं विचाराल तरी तुमच्या हातून काही उणं राहिलेलं नाही. रामायणाच्या उत्तरकांडात गोष्ट आहे : मरुत्त राजाच्या यज्ञात रावण आला तेव्हा देव घाबरून पशुपक्ष्यांची रूपं घेऊन लपले. इंद्र मोर झाला, यम कावळा. संकट टळल्यावर यमानं कावळ्याला वर दिला की तुम्ही जेवलात की माझ्या लोकातली माणसं तृप्त होतील. पिंडाला कावळा हवा, तो याच समजुतीतून. पण कावळा आलाच नाही तर दर्भाचा करावा, ही सोयही परंपरेनंच करून ठेवली आहे. ती पळवाट नव्हे, विधीचाच भाग आहे. तुमचा विधी पूर्ण झाला. पुढच्या वेळी ते नातेवाईक बोलले तर हे शांतपणे सांगा, आणि वडिलांच्या औषधांच्या वेळा कोण पाळत होतं तेही.

यंदा आमच्या शिवारात कावळ्यानं बाभळीच्या पार शेंड्यावर घरटं केलंय. चुलते म्हणतात, शेंड्यावर घरटं म्हणजे पाऊस कमी, बाजरी पेरू नको. काय करावं? — माण तालुका, सातारा

चुलत्यांची समजूत फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत कावळ्यावर स्वतंत्र अध्यायच लिहिला. वैशाखात धडधाकट झाडावर घरटं असेल तर सुकाळ. काटेरी किंवा वाळलेल्या झाडावर असेल तर त्या मुलखाला दुष्काळाचं भय, असं त्यात म्हटलंय. गावोगाव आजही बोलतात : घरटं मधल्या बेचक्यात तर पाऊस बरा, शेंड्यावर तर ओढ.

पण तुमच्या माणदेशात बाभळीशिवाय झाड किती? कावळा तिथे दरसाल बाभळीवरच घर करणार, पाऊस चांगला झाला त्या सालीही. उंची तो ठरवतो ती कोकिळा, पोरं, मांजर आणि वारा बघून. ज्या झाडाला मधे दाट बेचकंच नाही, तिथे तो वरच जाणार.

पेरणीचं जमिनीला विचारा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल चांगली खोल गेल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, ते धरून चला. तेवढा पाऊस झाला तर घरट्याकडे बघून थांबू नका, कारण वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून गेला की हातात काही राहत नाही. आणि चुलत्यांना सोबत घेऊन एक करा : बांधावरच्या प्रत्येक घरट्याचं झाड, जमिनीपासूनची उंची आणि मंडळात पडलेला पाऊस लिहून ठेवा. चार-पाच वर्षं सलग. पहिल्या वर्षाची वही दिवाळीनंतर मला पाठवा, मी वाट बघते.