प्रोपोलिसने प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मरतात, तर ते औषध म्हणून का दिले जात नाही?

प्रोपोलिसचा अर्क कर्करोगाच्या पेशी मारतो असे अनेक शोधनिबंधांत छापून येते, मग डॉक्टर तो का देत नाहीत, असे आपण विचारले आहे. पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत मी अशाच चाचण्या करतो. त्या निबंधांतले निकाल बहुधा खरे असतात, पण त्यांतून निघणारा अर्थ फार मर्यादित असतो.

मधमाशा झाडांच्या कळ्यांवरची राळ आणून, तिच्यात मेण मिसळून पोळ्यातल्या फटी बुजवतात, तेच प्रोपोलिस. झाड बदलले की पदार्थ बदलतो. युरोपातील प्रोपोलिस मुख्यतः पॉप्लरच्या कळ्यांपासून बनते आणि त्यात कॅफिक आम्लाचा फेनेथिल एस्टर, म्हणजे ‘केप’, आढळतो. ब्राझीलच्या हिरव्या प्रोपोलिसमध्ये आर्टेपिलिन-सी हे मुख्य संयुग असते. त्यामुळे एकाचा निकाल दुसऱ्याला सरसकट लावता येत नाही.

नेहमीच्या चाचणीत ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये पेशी वाढवतात, वेगवेगळ्या मात्रेत अर्क घालतात आणि एक ते तीन दिवसांनी एमटीटी हे पिवळे रसायन टाकतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक बनवतात. ते विरघळवून ५७० नॅनोमीटरच्या आसपास रंगाची तीव्रता मोजली जाते. पेशी जितक्या कमी, तितका रंग फिका. गंमत अशी की प्रोपोलिसमधील फिनॉलवर्गीय संयुगे एकही पेशी नसताना एमटीटीला जांभळे करू शकतात, आणि मग मेलेल्या पेशीही जिवंत ‘दिसतात’. उलट, यांतली काही संयुगे संवर्धनाच्या द्रवात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. पेशी त्याने मरतात आणि श्रेय अर्काला जाते. अर्क बहुधा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो आणि अल्कोहोलही पेशींना मारते, म्हणून तेवढेच अल्कोहोल घातलेली, अर्क नसलेली एक रांग ठेवावीच लागते.

एवढे सांभाळले तरी मात्रेचा प्रश्न उरतो. प्लेटमध्ये मिलिलीटरमागे ५० मायक्रोग्रॅम अर्क घालणे पिपेटच्या एका दाबाचे काम आहे. गिळलेल्या अर्कातील संयुगांवर मात्र आतडे आणि यकृत प्रक्रिया करतात, आणि मूळ रूपात त्यांतला थोडाच भाग रक्तात पोहोचतो. उंदरांच्या रक्तद्रवात तर केप झपाट्याने तुटून त्याचे कॅफिक आम्ल होते.

नैसर्गिक पदार्थातून कर्करोगावरचे औषध निघतच नाही, असे मात्र नव्हे. पॅक्लिटॅक्सेल हे पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतून मिळाले. साल १९६२ साली गोळा केली होती आणि अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली १९९२ साली. मधली वर्षे नेमके संयुग वेगळे करण्यात, त्याची क्रिया समजून घेण्यात, पुरेसा साठा मिळवण्यात आणि रुग्णांवरील चाचण्यांत गेली.

आपल्या घरी कोणाचे उपचार चालू असतील, तर प्रोपोलिस सुरू करण्यापूर्वी त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा. काहींना त्याची ॲलर्जी असते, आणि इतर औषधांबरोबर ते चालेल का हे त्यांनीच ठरवायला हवे. शोधनिबंध वाचताना मी स्वतः आधी निरोगी पेशींचा रकाना शोधतो. त्याच मात्रेत त्याही मरत असतील, तर तो अर्क कर्करोगाच्या पेशी निवडून मारत नाही, सरसकट विषारी आहे.