रिटायर झाले तरी टेन्शन का जात नाही?

प्रश्न: मी मुलुंडला राहते, वय 63. नोकरीत असताना लोकल चुकली तरी काही वाटायचं नाही, आता मुलाचा फोन दहा मिनिटं लागला नाही की छातीत धडधडतं, आणि पहाटे साडेतीनला जाग आली की झोप गेलीच. हे वयामुळे का?

उत्तर: ताई, वयाचा हात यात असू शकतो, मन कमकुवत झालंय असं अजिबात समजू नका. धडधड होते ती अ‍ॅड्रेनलिन या हार्मोनमुळे, ते लगेच येतं, पण त्याच्या मागून कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं हार्मोन येतं आणि ते रेंगाळतं. एरवी कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सगळ्यात कमी असतं, पण वय वाढलं की रात्री ते पूर्वीइतकं खाली उतरत नाही आणि मेंदूचा "आता पुरे" हा निरोपही ते बनवणाऱ्या ग्रंथीपर्यंत उशिरा पोचतो, मग झोप तुटते. वर्षानुवर्षं असंच राहिलं तर शुगर, बीपी, हाडं, विसरभोळेपणा, सगळ्यावर परिणाम होतो.

आधी डॉक्टरांकडून ईसीजी आणि थायरॉइड तपासून घ्या, हे टाळू नकाच! सांधेदुखी-दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, आणि मनाने बंद करू नका. संध्याकाळी पाचनंतरचा चहा सोडा. सकाळी उन्हात अर्धा तास चाला, बिल्डिंगच्या गच्चीवर चाललात तरी चालेल, जाताना शेजारणीला हाक मारा.