कॅलिपर रंगवायचेत? आधी हे बघ

भावा, लाल कॅलिपर (चाकाच्या आतल्या डिस्कवर, म्हणजे फिरत्या तबकडीवर, पॅड दाबून ब्रेक लावणारा भाग) दिसायला लै भारी, पण त्यानं ब्रेक काय जास्त लागत नाहीत. आणि तुझ्या गाडीला मागं ड्रम ब्रेक असले (त्यात कॅलिपर नसतो) तर पुढचे दोनच रंगवून काय करायलास ते आधी ठरव. करायचंच असलं तर साधा स्प्रे नको, हाय टेम्परेचर कॅलिपर पेंटच घे, साधा रंग गरम होऊन पापुद्रे निघतात. खरी मेहनत साफसफाईत हाय, आपल्याकडची काळ्या मातीची धूळ लै चिवट, तारेच्या ब्रशनं घास (कॅलिपरवरची रबरी कव्हरं, म्हणजे रबर बूट, सांभाळून), वरून ब्रेक क्लीनर मार. डिस्क, पॅड, ब्लीडर निप्पल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) टेपनं झाक, मी घाईत डिस्कवर शिंतोडे उडवले आन लातूरच्या उन्हात पुसत बसलो राव. ब्रशनं दोन पातळ हात दे. नुसत्या जॅकवर काम करू नको, गाडीखाली जॅक स्टँड लाव.