जास्त मतं पडूनही उमेदवार हरतो, तरी इलेक्टोरल कॉलेज हवं का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत २०१६ मध्ये डेमोक्रॅट हिलरी क्लिंटनना रिपब्लिकन ट्रम्पपेक्षा जवळजवळ २९ लाख मतं जास्त पडूनही त्या हरल्या, मग आम्ही कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळी ही पद्धत का उचलून धरतो, आमच्या सोयीची आहे म्हणूनच ना? प्रश्न रास्त आहे. मी नागरिक झाल्यापासून बहुतेक वेळा रिपब्लिकन उमेदवारालाच मत दिलंय, हे आधी सांगून टाकतो. ही पद्धत टिकावी असं मला मनापासून वाटतं. पण निवडणुकीच्या हंगामात आमच्या बाजूचे लोक टीव्हीवर तिची जी कारणं देतात, त्यातली निम्मी मला पटत नाहीत.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी हिशेब: राष्ट्राध्यक्ष थेट लोक निवडत नाहीत, राज्यांचे ‘इलेक्टर’ निवडतात, त्यांचं मिळून इलेक्टोरल कॉलेज. राज्याचे हाउसमधले (संसदेच्या खालच्या सभागृहातले) जितके सदस्य, अधिक दोन सिनेटर (वरच्या सभागृहातले), तितके इलेक्टर. वॉशिंग्टन डीसीचे ३ धरून एकूण ५३८, जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडून सगळीकडे राज्यात जो पुढे, त्याच्याच झोळीत त्या राज्याचे सगळे इलेक्टर.

‘यामुळे छोट्या राज्यांना किंमत मिळते’ हे कारण सोडून द्या. वायोमिंगमध्ये निकाल ठरलेलाच असतो, तिकडे प्रचाराला कोणी फिरकत नाही. घटनाकारांच्या दूरदृष्टीचे गोडवेही बेतानेच गावेत. १७८७ साली फिलाडेल्फियात झाली ती तडजोड होती, आणि राज्याच्या लोकसंख्येत गुलामांची संख्या तीन-पंचमांशच धरण्याचा हिशेबही त्या तडजोडीत मुरलेला होता. ते नाकारून आमची बाजू बळकट होत नाही.

मला पटलेलं कारण भारतातून आलेल्या माणसाला चटकन कळेल. या देशात आपल्यासारखा निवडणूक आयोग नाही. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे, पण ती प्रचाराच्या पैशावर लक्ष ठेवते. मतदार यादी, मतपत्रिका, यंत्रं, टपाली मतांची मुदत, फेरमोजणीचे नियम, सगळं राज्यागणिक वेगळं, आणि प्रत्यक्ष काम बहुतेक ठिकाणी काउंटी, म्हणजे राज्यातला जिल्हा, करते. आमच्या पेन्सिल्व्हेनियात टपाली मतांची पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी उघडताच येत नाहीत. फ्लोरिडात ती आधीपासून तपासून ठेवतात, म्हणून त्यांचा निकाल रात्रीच हाती येतो. मी काही निवडणुकांत मतदान केंद्रावर काम केलंय. रात्री ८ ला मतदान संपलं की यंत्रातून निघालेली आकड्यांची लांब पट्टी दारावर चिकटवतो आणि आसपासचे लोक मोबाईलच्या उजेडात ती वाचायला येतात. टेबलामागे बसलेले आम्ही सगळे त्याच वस्तीतले, दोन्ही पक्षांचे.

आता २००० साल आठवा. फ्लोरिडात रिपब्लिकन बुश ५३७ मतांनी पुढे होते. फेरमोजणी, कोर्टकचेऱ्या, भोकं नीट न पडलेल्या मतपत्रिका भिंगातून बघणारे अधिकारी, असे ३६ दिवस गेले. देशभराच्या बेरजेत डेमोक्रॅट गोर सुमारे साडेपाच लाखांनी पुढे होते, म्हणजे दहा कोटींहून जास्त मतांत अर्धा टक्का. निकाल त्या बेरजेवर असता, तर तीन हजारांहून जास्त काउंट्यांपैकी प्रत्येकीत दोन्ही पक्षांचे वकील जाऊन बसले असते, कारण कुठलंही मत कामाचं ठरलं असतं. तेही पन्नास राज्यांच्या पन्नास कायद्यांखाली. राज्यवार पद्धतीमुळे भांडण एका राज्याच्या कुंपणात राहिलं. राष्ट्रीय बेरीज हवी असेल तर आधी राष्ट्रीय निवडणूक यंत्रणा उभी करावी लागेल, आणि व्हाइट हाउसमध्ये जो बसलाय त्याच्या हाताला लागेल अशी यंत्रणा मला नको आहे. ट्रम्प असोत की बायडन.

दुसरं कारण माझ्या घराजवळचं आहे. मी पूर्वी न्यू जर्सीत एडिसनला राहायचो. तिथे रिपब्लिकन उमेदवार राष्ट्राध्यक्षपदासाठी शेवटचा जिंकला तो १९८८ मध्ये. माझ्या दारावर कधी कोणी टकटक केली नाही. मग पेन्सिल्व्हेनियात बेथलेहेमजवळ नॉर्थॅम्प्टन काउंटीत आलो. बेथलेहेम स्टीलने १९९५ मध्ये इथलं पोलाद बनवणं थांबवलं. बंद भट्ट्या अजून नदीकाठी उभ्या आहेत. शेजारचे आजोबा त्या कारखान्यातले. ओबामांना दोनदा मत दिलं, मग ट्रम्पना, आणि आमची काउंटीही नेमकी तशीच वळली. २०२० ला ती बायडनकडे गेली, २०२४ ला परत ट्रम्पकडे. ऑक्टोबरात त्यांच्या ओट्यावर दोन्ही पक्षांची पोरं येतात. आजोबा त्यांना बसवून पेन्शनचं आणि औषधांच्या खर्चाचं सांगतात, आणि पोरं ऐकून घेतात. नुसती बेरीज असती तर दोन्ही पक्ष लॉस एंजेलिस, ह्यूस्टन, न्यूयॉर्कमधून आपापल्या मतांची पोती भरत बसले असते. राज्याकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं बघा: २०१६ च्या मुख्य प्रचारात क्लिंटन विस्कॉन्सिनला एकदाही गेल्या नाहीत. तिथे त्या २३ हजारांहून कमी मतांनी हरल्या.

हो, एडिसनमध्ये माझं मत पाण्यात जायचं, ही तक्रार खरी आहे. पण ‘जिंकेल त्याला सगळे’ हा नियम राज्यघटनेत नाही, तो राज्यांचा कायदा आहे. राज्य तो बदलू शकतं.

कर्नाटकात २०१८ ला काँग्रेसला ३८ टक्के आणि भाजपला ३६ टक्के मतं होती, तरी जागा भाजपच्या बऱ्याच जास्त होत्या. सरकारं मतदारसंघांच्या बेरजेवर बनतात हे आपण तिथे निमूट मान्य करतो. लोकसंख्येप्रमाणे लोकसभेच्या जागा वाटल्या तर आपला आवाज दबेल ही दक्षिणेतल्या राज्यांची धास्तीही याच जातीची आहे.

सोयीचं म्हणाल, तर २००४ मध्ये बुश देशभरात ३० लाखांनी पुढे होते, पण ओहायोत साठ हजार लोक फिरले असते तर राष्ट्राध्यक्ष डेमोक्रॅट केरी झाले असते. आणि इथे माझ्याच बाजूच्या लोकांना सांगायचंय: पद्धतीची बाजू घ्यायची तर हरल्यावरही घ्या. २०२० मध्ये जॉर्जिया, ॲरिझोना, विस्कॉन्सिन ही तिन्ही राज्यं बायडनकडे गेली, तीही मिळून ४३ हजार मतांच्या आतल्या फरकाने. खटले झाले, पुरावा उभा राहिला नाही. ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्पचे उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी, ट्रम्पचा दबाव असतानाही, राज्यांनी पाठवलेली मतं जशीच्या तशी मोजून घेतली. त्या दिवशी कॅपिटॉलमध्ये (संसद भवनात) खरा कॉन्झर्व्हेटिव्ह कोण होता असं मला विचाराल, तर मी त्यांचंच नाव घेईन. आमच्यातल्या अनेकांनी त्यांना गद्दार म्हटलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

बदल हवा असेल तर घटनादुरुस्तीचा रस्ता आहे. १९६९ मध्ये हाउसने थेट निवडणुकीचा ठराव ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केला होता, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचाही पाठिंबा होता. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये तो अडला. आज तो पुन्हा आला तर मी माझ्या प्रतिनिधीला फोन करून विरोधात मत द्यायला सांगेन. आणि तरीही ३८ राज्यांनी तो मंजूर केला, तर पुढच्या नोव्हेंबरात टेबलं मांडायला मी त्याच केंद्रावर सकाळी ६ वाजता हजर असेन.